रेफरी म्हणतात, ‘तक्ता २ वाचता येत नाही’

वाचकाचं पत्र: माझा पहिला शोधनिबंध ‘मोठ्या सुधारणा करा’ असा शेरा घेऊन परत आला आहे. गव्हाच्या रोपांना मिठाच्या चार तीव्रतांचं पाणी दिलं (०, ५०, १०० आणि १५० मिलिमोल प्रति लिटर) आणि ७व्या, १४व्या, २१व्या दिवशी आठ गुणधर्म मोजले. प्रत्येक तीव्रतेला ३० कुंड्या, एका कुंडीत एक रोप. तक्ता २ मध्ये हे सगळं एकत्र आहे: आठ ओळी, बारा रकाने, आडवं पान, फॉन्ट ७. पहिल्या रेफरीनं (जर्नलसाठी निबंध तपासणाऱ्या तज्ज्ञानं) लिहिलंय, ‘तक्ता २ वाचता येत नाही.’ दुसऱ्यानं लिहिलंय, ‘तक्ता ३ मधलं सगळं मजकुरात पुन्हा आलं आहे.’ मार्गदर्शक म्हणतात, एकही आकडा वगळू नकोस. मी काय करू?

उत्तर: तुमचे मार्गदर्शक आणि रेफरी यांच्या म्हणण्यात विरोध नाही. सगळे आकडे उपलब्ध असले पाहिजेत, हे खरं. पण ते सगळे एकाच तक्त्यात असायला हवेत असं नाही. प्रत्येक रोपाची मूळ मोजमापं सीएसव्ही फाइलमध्ये (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकूर फाइलमध्ये) ठेवा, कोणत्या रकान्यात काय आहे याचा खुलासा सोबत जोडा, ती फाइल पुरवणी साहित्यात किंवा डेटा रिपॉझिटरीत टाका आणि निबंधात तिचा पत्ता द्या. मार्गदर्शकांची काळजी तिथे मिटते. निबंधातला तक्ता मात्र तुमच्या युक्तिवादाचा भाग आहे. वाचकानं जे आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत असं तुम्हाला वाटतं, तेवढेच त्यात यावेत.

सध्या तुमच्या तक्त्यात ९६ चौकटी आहेत आणि प्रत्येकीत दोन आकडे, म्हणजे १९२. फॉन्ट लहान करून हा प्रश्न सुटणार नाही. आधी कागदावर एक वाक्य पूर्ण करा: ‘हा तक्ता बघून वाचकाला कळावं की...’ तुमच्या बाबतीत ते बहुधा असं होईल: ‘मीठ ५० मिलिमोलपर्यंत रोपं बऱ्यापैकी सोसतात, १०० पासून वाढ झपाट्यानं खुंटते.’ या वाक्यात दिवसांचा उल्लेखही नाही. दिवसागणिक होणारा बदल दाखवायचा तर रेषालेख काढा: आडव्या अक्षावर तीन दिवस, चार तीव्रतांच्या चार रेषा. तक्त्यात २१वा दिवस पुरे. तेवढ्यानं ९६ च्या ३२ चौकटी होतात. आठपैकी ज्या गुणधर्मांबद्दल चर्चेत तुम्ही अवाक्षर काढलेलं नाही, ते पुरवणीत जाऊ द्या. आणि गाळता गाळता दोन-तीनच आकडे उरले, तर तक्ता काढून टाका. त्यांना एक वाक्य पुरतं.

यानंतर उभं काय आणि आडवं काय, हे ठरवा. तुम्ही गुणधर्म ओळींत आणि तीव्रता रकान्यांत ठेवल्या आहेत. हे उलटं करा. ज्या आकड्यांची तुलना करायची ते एकाखाली एक आले पाहिजेत. २३.५ च्या खाली २१.० आणि त्याखाली १६.४ असलं की दशकाखाली दशक येतो आणि घट वजाबाकी न करताच दिसते. तेच तीन आकडे आडवे मांडले की मध्ये ±, कंस आणि मोकळी जागा येते, नजर उड्या मारते आणि वाचक मागचा आकडा विसरतो. दुसरा फायदा असा की तीव्रता ओळींत गेल्या की प्रत्येक रकान्यात एकच एकक राहतं. तुमच्या सध्याच्या मांडणीत एकाच रकान्यात सेंटिमीटर, मिलिग्रॅम आणि टक्के एकाखाली एक आले आहेत. त्यामुळे प्रत्येक ओळीला वाचकाला मनातलं एकक बदलावं लागतं.

संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू एरेनबर्ग यांनी १९७७ साली तक्त्यांसाठी काही साधे नियम मांडले. तुलनेचे आकडे उभे ठेवा, हा त्यांतलाच एक. ओळी आकड्यांच्या आकारमानानुसार लावा, हा दुसरा. तुमच्याकडे तीव्रतांचा नैसर्गिक क्रम आहे, तेव्हा तोच ठेवा. पण उद्या वीस वाणांचा तक्ता करायची वेळ आली तर वाणांची नावं अकारविल्हे लावू नका. उत्पादनानुसार उतरत्या क्रमानं लावा. अकारविल्हे क्रमाचा उपयोग नाव शोधायला होतो, आकड्यांमधला कल त्यातून दिसत नाही. एरेनबर्ग यांचा तिसरा नियम होता आकडे दोन परिणामकारक अंकांपर्यंत आणण्याचा. परिणामकारक म्हणजे त्या आकड्यांमध्ये जे प्रत्यक्षात बदलतात ते अंक. तुमचा तक्ता सर्वांत जास्त इथेच अडतो, म्हणून यावर थोडं थांबू.

पहिलीच चौकट घ्या. उंची, ० मिलिमोल: ‘२३.४५६७ ± ०.४१२३’.

उंची पट्टीनं मोजली आहे आणि पट्टीवरची सर्वांत लहान खूण एक मिलिमीटरची. सेंटिमीटरचा चौथा दशांश म्हणजे एक मायक्रोमीटर. रोपाची उंची मायक्रोमीटरपर्यंत माहीत असल्याचा दावा ही चौकट करते. सॉफ्टवेअर विचारलं तेवढे दशांश देतं, त्यातले किती छापायचे हे आपण ठरवायचं असतं. तीस रोपांची सरासरी असली तरी इथे एक दशांश पुरेसा आहे.

दुसरी गोष्ट, ± च्या पुढचा आकडा कशाचा आहे हे तक्त्यात कुठेच लिहिलेलं नाही. पद्धतीच्या विभागावरून तो स्टँडर्ड एरर आहे असं कळतं. स्टँडर्ड एरर म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन भागिले नमुन्याच्या संख्येचं वर्गमूळ. ३० चं वर्गमूळ सुमारे ५.४८, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन ०.४१२३ × ५.४८, साधारण २.२६. रोपारोपांत सव्वादोन सेंटिमीटरचं मागेपुढे होतं आणि वाचकाला वाटतं की चार मिलिमीटरचंच होतं. नमुना वाढवत गेलं तर स्टँडर्ड एरर हवा तेवढा लहान होतो, रोपांमधली विविधता मात्र तेवढीच राहते. रोपं एकमेकांपासून किती वेगळी होती हे सांगायचं तर स्टँडर्ड डेव्हिएशन द्या. सरासरी किंवा दोन सरासरींमधला फरक किती खात्रीनं माहीत आहे हे सांगायचं तर ९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल द्या. नुसता स्टँडर्ड एरर यांतलं कोणतंच काम नीट करत नाही. ± याच चिन्हानं लोक दोन्ही लिहितात म्हणून बरीच जर्नल ते चिन्हच नको म्हणतात आणि स्टँडर्ड डेव्हिएशन कंसात मागतात. तुम्हीही तसंच करा.

आणि त्या २.२६ चे किती अंक ठेवायचे? तीस नमुन्यांवरून काढलेल्या स्टँडर्ड डेव्हिएशनमध्येच सुमारे १३ टक्के अनिश्चितता असते, म्हणजे इथे ०.३ च्या आसपास. तेव्हा २.३ लिहिलं की झालं. सरासरीही तितक्याच दशांशांची. संपूर्ण चौकट: २३.५ (२.३). चौदा अक्षरांचा ऐवज नऊवर आला आणि माहितीतलं काहीही गेलं नाही. गणितं मात्र पूर्ण अंकांवरच करा. गोलाई शेवटी, तक्त्यात उतरवताना. आधी गोल करून मग फरक काढला की शेवटचा अंक चुकतो.

‘पानांवरचे डाग’ या गुणधर्मात वेगळी अडचण आहे: सरासरी ३.१, स्टँडर्ड डेव्हिएशन ४.०. डागांची संख्या शून्याखाली जात नाही, आणि सरासरीतून एक स्टँडर्ड डेव्हिएशन वजा केलं तर उणे येतं. याचा अर्थ वितरण एका बाजूला लांबलेलं आहे: बहुतेक रोपांवर एखाद-दुसरा डाग आणि मोजक्या रोपांवर खूप. तिथे मध्यक (आकडे क्रमानं लावल्यावर मधोमध येणारा) द्या आणि कंसात पहिलं व तिसरं चतुर्थक (पाव आणि पाऊण वाटेवरचे आकडे). उणे होऊच न शकणाऱ्या राशीचं स्टँडर्ड डेव्हिएशन सरासरीच्या निम्म्याहून जास्त दिसलं की थांबून आलेख बघायची सवय लावून घ्या.

हे सगळं केल्यावर तुमचेच आकडे असे दिसतील:

तक्ता २. मिठाच्या चार तीव्रतांमध्ये गव्हाच्या रोपांची वाढ, पेरणीनंतर २१व्या दिवशी

| मीठ (मिलिमोल प्रति लिटर) | जिवंत रोपं* | उंची (सेंमी) | मुळाची लांबी (सेंमी) | हरितद्रव्य† (मिग्रॅ प्रति ग्रॅम) |
|---:|---:|---:|---:|---:|
| ० | ३० | २३.५ (२.३) | १४.२ (१.८) | २.१ (०.३) |
| ५० | ३० | २१.० (२.६) | १२.७ (१.९) | १.८ (०.३) |
| १०० | २८ | १६.४ (२.९) | ९.१ (२.०) | १.२ (०.४) |
| १५० | २१ | १०.८ (३.४) | ५.५ (२.१) | ०.७ (०.३) |

आकडे: सरासरी (स्टँडर्ड डेव्हिएशन). *प्रत्येक गटात सुरुवातीला ३० रोपं. मोजमापं २१व्या दिवशी जिवंत असलेल्या रोपांची. †प्रत्येक गटातली ६ रोपं. ताज्या पानाच्या वजनावर.

दुसरा रकाना मुद्दाम घातला आहे. १५० मिलिमोलला नऊ रोपं मेली, ही गोष्ट तुमच्या निबंधात पद्धतीच्या विभागात अर्ध्या ओळीत आली आहे आणि तक्त्यात प्रत्येक गटापुढे ३० लिहिलं आहे. १०.८ सेंमी ही तगलेल्या रोपांची सरासरी आहे. मेलेली रोपं बहुधा खुरटीच होती, तेव्हा मिठाचा खरा फटका या आकड्यापेक्षा मोठा असणार. जाणकार वाचक हा प्रश्न विचारणारच. प्रत्येक ओळीत संख्या दिली की उत्तर तिथेच मिळतं. ही संख्या प्रयोगाच्या एककाची असावी, हेही सांभाळा. तुम्ही एका कुंडीत एकच रोप लावलं आहे म्हणून ३० बरोबर आहे. एका कुंडीत तीन रोपं असती तर मिठाचं पाणी कुंडीला दिलं जातं, म्हणून संख्या कुंड्यांची, म्हणजे १०. तिथे ३० लिहिणं ही मांडणीची नव्हे, विश्लेषणाची चूक ठरते.

एककं रकान्याच्या मथळ्यात एकदाच यावीत. चौकटीचौकटीत ‘सेंमी’ नको. मथळ्यात पूज्यं लपवायचा मोह झाला तर सावध राहा. ‘पेशींची संख्या × १०००’ असा मथळा आणि खाली ४.२. याचा अर्थ ४.२ ला हजारानं गुणायचं, की मूळ संख्येला हजारानं गुणून ४.२ आले? दोन्ही वाचनं शक्य आहेत आणि दोन उत्तरांत दहा लाख पटींचा फरक पडतो. ‘पेशी (हजारांत)’ असं लिहिलं की शंका उरत नाही. नाहीतर एककच बदला: ०.००४५ ग्रॅमऐवजी ४.५ मिलिग्रॅम.

रिकाम्या चौकटींबद्दल पहिल्या रेफरीनं काही लिहिलेलं नसलं तरी त्याही भरा. तुमच्या तक्त्यात तीन जागा रिकाम्या आहेत. मोजलं आणि शून्य आलं, मोजलंच नाही, मोजणं लागूच नव्हतं, किंवा यंत्राच्या मर्यादेखाली गेलं, या चार वेगळ्या गोष्टी आहेत. शून्य आलं तर ०. मर्यादेखाली गेलं तर ती मर्यादा लिहा, उदाहरणार्थ ‘< ०.०५’. तिथे शून्य लिहिलं की पुढे कुणी मेटा-ॲनालिसिस (अनेक अभ्यासांच्या आकड्यांचं एकत्रित विश्लेषण) करताना ते खरं मोजमाप म्हणून धरतं. बाकी दोन्हींसाठी वेगवेगळी खूण आणि तळटीप.

आता तारे आणि अक्षरं. प्रत्येक आकड्यापुढे तुम्ही ए, बी, सी अशी वर चढवलेली अक्षरं दिली आहेत. ही पद्धत शेतकी आणि वनस्पतिशास्त्राच्या जर्नलांत चालते, पण मग तळटीपेत चार गोष्टी हव्यात: तुलना रकान्यातली की ओळीतली, चाचणी कोणती, पातळी किती, आणि समान अक्षराचा अर्थ काय. ‘एकाच रकान्यात समान अक्षर असलेल्या सरासरींमध्ये ५ टक्के पातळीवर लक्षणीय फरक आढळला नाही (टुकी चाचणी)’ एवढं वाक्य पुरे. अक्षरं चाचणीसाठी वापरली तर तळटीपांना अक्षरं नकोत, *, †, ‡ ही चिन्हं घ्या. कोणती चिन्हं आणि कोणत्या क्रमानं, हे जर्नल ठरवतं, तेव्हा लेखकांसाठीच्या सूचना आधी बघा.

पी-व्हॅल्यूच्या (खरा फरक नसताना एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याच्या संभाव्यतेच्या) जागी ‘०.०००’ कुठेही ठेवू नका. सॉफ्टवेअरनं तीन दशांशांवर कापलेला तो आकडा आहे, संभाव्यता शून्य नसते. ‘< ०.००१’ लिहा. ‘लक्षणीय नाही’ एवढंच लिहिण्यापेक्षा प्रत्यक्ष पी-व्हॅल्यू द्या. आणि पुढे कधी माणसांवरच्या यादृच्छिक चाचणीचा निबंध लिहिलात, तर दोन गटांच्या सुरुवातीच्या स्थितीच्या तक्त्यात पी-व्हॅल्यूचा रकाना घालू नका. गट चिठ्ठी टाकूनच पाडलेले असतात, मग फरक योगायोगानं आला का हे तपासण्यात अर्थ नसतो. अशा चाचण्यांच्या अहवालांसाठी असलेल्या कॉन्सॉर्टच्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात.

टक्केवारीसोबत मूळ संख्या हवीच: ‘१२/३० (४०)’. शंभराच्या आतल्या नमुन्यात टक्क्यांना दशांश देऊ नका, आणि वीसच्या आत असाल तर टक्केच नकोत.

रेषा तीनच पुरतात: सर्वांत वर, मथळ्यांखाली, सर्वांत शेवटी. उभ्या रेषा, राखाडी पट्टे, ठळक अक्षरं काढा. रकाने वेगळे करायचं काम मोकळी जागा करते.

वर्डमध्ये तक्ता तक्त्याच्याच सोयीनं करा. स्पेस आणि टॅब दाबून जुळवलेला तक्ता दुसऱ्या संगणकावर विस्कटतो. एक्सेलचा फोटो चिकटवला तर जर्नलला सगळं पुन्हा टाइप करावं लागतं आणि तिथे चुका शिरतात. एका चौकटीत एकच नोंद ठेवा. एंटर मारून एका चौकटीत दोन ओळी बसवल्या की मांडणी बदलताना त्या सरकतात. दशांशचिन्हं एकाखाली एक यावीत म्हणून वर्डमध्ये डेसिमल टॅब वापरा. मधोमध संरेखन आकड्यांसाठी कधीच नको, कारण त्यात ९.१ आणि १४.२ यांची दशांशचिन्हं सरकतात. लेटेक्स वापरत असाल तर रेषांसाठी बुकटॅब्ज आणि दशांश जुळवण्यासाठी एसआययुनिटएक्स ही पॅकेजं बघा. एक्सेलमधून मजकूर आणताना तारखांवर नजर ठेवा. ‘१-२’ सारखी नोंद एक्सेल आपोआप तारीख करून टाकतं. जनुकांच्या नावांचंही तेच होत होतं. मार्च-१ आणि सेप्ट-२ अशा संक्षेपांच्या तारखा व्हायच्या. शेवटी मानवी जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं २०२० मध्ये अशी नावं बदलल्याचं जाहीर केलं.

दुसऱ्या रेफरीचा मुद्दा रास्त आहे. तक्ता ३ मधल्या बारा सरासरी तुम्ही मजकुरात ओळीनं वाचून दाखवल्या आहेत. त्या काढा. मजकुरात ते सांगा जे तक्त्यात थेट दिसत नाही: फरक आणि त्याची खात्री. तक्ता २ वरून असं वाक्य होईल: ‘१०० मिलिमोलला उंची ७.१ सेंमीनं घटली (९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल ५.७ ते ८.५, तक्ता २).’ इंटरव्हलच्या दोन टोकांमध्ये ‘ते’ लिहा, आडवी रेघ नको. एखादं टोक उणे असलं की रेघ आणि उणेचिन्ह यांचा गोंधळ होतो. प्रत्येक तक्त्याचा मजकुरात उल्लेख हवा आणि क्रमांक त्या उल्लेखाच्या क्रमानं.

शीर्षकात ‘परिणाम’ किंवा ‘विविध गुणधर्म’ असे मोघम शब्द नकोत. काय मोजलं, कशावर, कोणत्या स्थितीत आणि केव्हा, एवढं आलं पाहिजे. तपासणी अशी करा: प्रयोगाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्याला फक्त तक्ता द्या, निबंध नको. त्याला राशी, एकक, संख्या आणि कंसातल्या आकड्याचा अर्थ सांगता आला पाहिजे. जे तो तुम्हाला विचारेल, ते तळटीपेत घाला.

रेफरींना उत्तर देताना नुसतं ‘तक्ता सुधारला’ लिहू नका. काय कुठे गेलं ते सांगा: दिवसांनुसार बदल आता आकृतीत, वगळलेले गुणधर्म पुरवणी तक्त्यात, मूळ मोजमापं रिपॉझिटरीत, स्टँडर्ड एररच्या जागी स्टँडर्ड डेव्हिएशन. शेवटचा मुद्दा ठळकपणे लिहा, नाहीतर ± पुढचे आकडे अचानक पाचपट कसे झाले असं त्यांना वाटेल.

निबंध स्वीकारला गेला की प्रूफ (छापण्याआधी तपासायची प्रत) येतं आणि तोपर्यंत तक्ता नव्यानं जुळवलेला असतो. प्रूफ मूळ तक्त्याशी चौकट-चौकट ताडून बघा, दोघांनी मिळून: एकानं मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं बघायचं. चुका ठरावीक ठिकाणी होतात: उणेचिन्ह गळतं, वर चढवलेला घातांक खाली उतरून १० चा सहावा घात ‘१०६’ होतो, रिकाम्या चौकटीमुळे पुढचे आकडे एक घर सरकतात, तळटीपेची खूण भलत्याच आकड्यावर जाऊन बसते. सारांशातले आकडे आणि तक्त्यातले आकडे जुळतात का, हेही त्याच बैठकीत बघून घ्या.